कुणी म्हणालं 'हे संमोहनात बाहेर आलं', तर ते तपासायचं कसं (मार्टिन ऑर्नच्या पद्धतीने, आणि मग ऑर्नलाही)

संमोहनाचा शो असो, 'मागचा जन्म दाखवतो' म्हणणारं वीकेंडचं शिबिर असो, नाहीतर 'साक्षीदाराला हिप्नोटाइज केलं आणि त्याला गाडीचा नंबर आठवला' छाप बातमी असो, आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सगळं थोतांड, दुसरी म्हणते अहो आमच्या मावसभावाने डोळ्यांनी बघितलंय. दोन्ही पार्ट्यांनी तपासलेलं काहीच नसतं. तपासायची पद्धत एका माणसाने पन्नास-साठच्या दशकातच घालून दिली आणि गंमत अशी की तो माणूस स्वतः इतका वादात अडकला की ती पद्धत त्याच्यावरच लावून बघता येते.

मार्टिन ऑर्न. जन्म १९२७, व्हिएन्ना, ज्यू घर, वडील सर्जन, आई मानसोपचारतज्ज्ञ. १९३८ साली नाझी ऑस्ट्रियात घुसले, तेव्हा हे कुटुंब अमेरिकेला गेलं. हार्वर्डला शिक्षण, मग टफ्ट्समधून डॉक्टरकी, परत हार्वर्डमधून मानसशास्त्रात पीएचडी, आणि १९६४ पासून फिलाडेल्फियात पेनसिल्वेनिया विद्यापीठात. बायको एमिली पण मानसशास्त्रज्ञ आणि बऱ्याच कामात बरोबरीची भागीदार. माणूस किती संमोहित होऊ शकतो हे मोजायची हार्वर्डची ग्रुप टेस्ट आहे ना, ती १९६२ साली तिने आणि रोनाल्ड शोरने बनवली. संमोहनावरच्या मुख्य संशोधनपत्रिकेचा हा गृहस्थ तीसेक वर्षं संपादक होता. २००० साली गेला. एवढं चरित्र पुरे, बाकीचं ओघात येईल.

सगळ्यात आधी: अभिनयावर जाऊ नका, न जुळणारी गोष्ट शोधा

ऑर्नने विद्यार्थीदशेतच एक काम केलं, ते १९५१ साली छापून आलं. संमोहनात लोकांना 'तू आता सहा वर्षांचा आहेस' म्हणून मागे नेतात, ते खरोखर मागे जातात का हे त्याला बघायचं होतं. माणूस बोबडं बोलतो, लहान मुलासारखं अक्षर काढतो, बघणारे गार. ऑर्नने काय केलं, एका सब्जेक्टने खऱ्याखुऱ्या सहाव्या वर्षी काढलेली चित्रं मिळवली आणि संमोहनात काढलेल्या चित्रांशेजारी ठेवली. जुळली नाहीत. मोठ्या माणसाला लहान मूल जसं चित्र काढेल असं वाटतं, तशी ती होती.

दुसरा किस्सा तर मला फारच आवडतो. एक सब्जेक्ट असा होता की ज्याला सहाव्या वर्षी फक्त जर्मन येत होतं. त्याला सहा वर्षांचा केला, आणि मग इंग्लिशमध्ये विचारलं, तुला इंग्लिश समजतं का? तो म्हणाला 'नाइन', म्हणजे जर्मनमध्ये 'नाही'. परत वेगळ्या शब्दात विचारलं, परत 'नाइन'. अरे बाबा, समजत नाही तर प्रश्न कळला कसा! आणि तरी तो माणूस खोटं बोलत नव्हता हे नीट लक्षात घ्या, त्याला मनापासून आपण सहा वर्षांचे आहोत असंच वाटत होतं. मनापासून वाटणं आणि खरं असणं ह्या दोन गोष्टी ऑर्नने तिथेच वेगळ्या केल्या.

आपल्या कामाला हे असं लावायचं. कुणी मागच्या जन्मात शिवरायांचा मावळा होता म्हणतोय ना, तर त्याच्या डोळ्यातलं पाणी बघू नका, साल कोणतं सांगतो ते ऐका. तो '१६६५' म्हणाला की विषय संपला, कारण त्या काळचा मावळा शक सांगेल किंवा सालच सांगणार नाही, इसवी सन त्याच्या तोंडी यायचं काही कारणच नाही. भाषाही ऐका. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा माणूस आजच्या मालिकेतल्या मराठीत बोलत असेल तर ती मालिकेतूनच आलीय.

नाटक करणारा माणूस शेजारी उभा करा

ऑर्नचं खरं डोकं इथे दिसतं. १९५९ च्या पेपरपासून त्याने ही युक्ती वापरली. जे लोक संमोहित होतच नाहीत असे निवडायचे, त्यांना सांगायचं की तुम्ही संमोहित झाल्याचं नाटक करा, हुशार माणसाला हे जमतं, आणि हिप्नोटिस्टला ज्या क्षणी कळेल त्या क्षणी तो प्रयोग थांबवेल, म्हणजे जोपर्यंत तो चालू ठेवतोय तोपर्यंत तुमचं बरं चाललंय. मग खरे संमोहित आणि हे नाटकवाले एकामागून एक आत. हिप्नोटिस्टला माहीत नसतं कोण कोण आहे. आणि अनुभवी हिप्नोटिस्टही नाटकवाले ओळखण्यात फसायचे.

ह्याचा सगळ्यात भारी वापर १९६५ च्या प्रयोगात. त्याच्या आधी काही जणांनी दाखवलं होतं की संमोहित माणूस विषारी सापाला हात घालतो, ॲसिडमध्ये हात बुडवतो, दुसऱ्याच्या तोंडावर ॲसिड फेकतो. लोकांना वाटलं, झालं, म्हणजे संमोहनाने कुणाकडूनही काहीही करून घेता येतं. ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स यांनी तेच सगळं परत केलं. साप खरा विषारी, फक्त मध्ये दिसणार नाही अशी काच. नायट्रिक ॲसिड खरं, त्यात नाणं विरघळताना दिसतंय, ते हाताने बाहेर काढायचं (हात लगेच धुवून घ्यायचे). नंतर तेच ॲसिड समोरच्याच्या तोंडावर फेकायचं, अर्थात गुपचूप बदलून बिनधोक पाणी ठेवलेलं. संमोहित सहापैकी पाच जणांनी सगळं केलं. बापरे ना? थांबा. नाटकवाल्या सहाच्या सहा जणांनी केलं! आणि नंतर विचारलं तर म्हणे, आम्हाला माहीत होतं की हा प्रयोग आहे, विद्यापीठ आहे, कुणाला इजा होऊ देणार नाहीत.

आता ह्यावरून 'म्हणजे संमोहन खोटं' असा अर्थ काढणारे खूप आहेत, तो चुकीचा. नाटकवाला जे करू शकतो ते संमोहित माणसाने केलं तर त्यावरून संमोहनाबद्दल काहीच कळत नाही, एवढंच. बाजूने नाही, विरुद्धही नाही. ऑर्न स्वतः संमोहन खरं मानत होता, आणि नाटकवाले जिथे वेगळे वागतात त्या जागा तो शोधत बसला. एक सापडली ती अशी: हिप्नोटिस्ट काहीतरी निमित्त होऊन खोलीतून गेला आणि आपण एकटे आहोत अशी खात्री पटली की नाटकवाला नाटक सोडून देतो, संमोहित मात्र हळूहळू, बराच वेळ घेऊन भानावर येतो. दुसरी म्हणजे संमोहनातलं तर्कशास्त्र. समोरच्या रिकाम्या खुर्चीत अमुक माणूस बसलाय असं सुचवायचं आणि मग तोच माणूस खरोखर समोर आणायचा. नाटकवाला बहुतेक वेळा गडबडतो किंवा दुसऱ्याला ओळखतच नाही. संमोहित माणूस निवांत म्हणतो, दोन दिसतायत. आणि खुर्चीची पाठ त्या माणसातून आरपार दिसते असंही सांगतो, त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. (ह्या टेस्टवर नंतर बरीच टीका झाली, सगळे संमोहित असं वागत नाहीत आणि नाटकवालेही कधी कधी असं वागतात. तेव्हा ही एकटी टेस्ट धरून कुणाला खरा-खोटा ठरवू नका.)

घरी हे कसं करायचं? प्रयोग मांडायची गरज नाही. दावा ऐकला की फक्त स्वतःला विचारायचं, ह्याच माणसाला कुणी 'जरा नाटक कर' म्हणून पाचशे रुपये दिले असते तर त्याला हे जमलं असतं का? दोन खुर्च्यांच्या मधे आडवं ताठ पडून राहणं, त्यावर कुणीतरी उभं राहणं, हे बऱ्याच धडधाकट माणसांना पूर्ण जागेपणी जमतं.

खोलीत आधी काय बोललं गेलं ते काढा

लोक प्रयोगात इतके आज्ञाधारक का होतात ह्याच्या मागे ऑर्न हात धुवून लागला. त्याने ओळखीच्या लोकांना म्हटलं, माझ्यासाठी पाच पुश-अप मारशील? लोक म्हणाले, 'का?' दुसऱ्यांना म्हटलं, एक प्रयोग आहे, त्यात पाच पुश-अप मारशील? ते म्हणाले, 'कुठे?' झालं. सगळं त्यात आलं.

मग त्याला असं काम हवं होतं जे जागा माणूस सोडून देईल आणि संमोहित करत राहील. म्हणून त्याने दोन हजार कागद दिले, प्रत्येकावर २२४ बेरजा, घड्याळ काढून घेतलं, 'करत राहा, मी येईन केव्हातरी' म्हणून निघून गेला. साडेपाच तासांनी प्रयोग करणाराच कंटाळला! मग आणखी वाईट केलं: एक कागद पूर्ण झाला की त्याचे कमीत कमी ३२ तुकडे करून टाका आणि पुढचा घ्या. तरी लोक तासन् तास करत बसले, कारण त्यांना वाटलं ह्यात काहीतरी खोल अर्थ असणार. १९६२ च्या पेपरमध्ये त्याने हे मांडलं, त्याला तो 'डिमांड कॅरॅक्टरिस्टिक्स' म्हणायचा, त्याचा साध्या मराठीत मतलब असा की प्रयोगाला येणारा माणूस 'इथे माझ्याकडून काय अपेक्षित आहे' हे ओळखतो आणि ते चांगल्या मनाने पुरवतो. आज मानसशास्त्र शिकणाऱ्या कुठल्याही पोराला ऑर्न माहीत असतो तो ह्या कल्पनेमुळे.

संमोहनातला पुरावाही तगडा होता. एका वर्गाला त्याने लेक्चर दिलं आणि प्रात्यक्षिकात दाखवलं की संमोहित माणसाचा रोजच्या वापरातला हात ताठरतो, दुसरा नाही. ही पूर्ण बनवलेली गोष्ट, असं काही संमोहनात होत नसतं. नंतर त्या वर्गातल्या मुलांना संमोहित केलं तर बऱ्याच जणांचा तोच हात ताठरला. ज्या वर्गाला हे दाखवलं नव्हतं तिथे असं घडलं नाही.

म्हणून स्टेज शोला जाल तेव्हा मधला अर्धा तास विसरा, पहिली दहा मिनिटं बघा. सगळ्या हॉलला बोटं गुंफायला लावतात, 'आता हात सुटणार नाहीत' म्हणतात, ज्यांचे सुटत नाहीत त्यांना वर बोलवतात, मग वर आलेल्यांतून निम्मे हळूच खाली पाठवतात. स्टेजवर उरतात ते आपोआप गाळणीतून आलेले लोक, ज्यांनी शेजारच्याला बघून काय करायचं हे शिकून घेतलंय आणि समोर टाळ्या वाजतायत. त्यात संमोहन किती हा प्रश्न विचारूच शकत नाही आपण. शिबिराचंही तसंच, आधी व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ, चहाच्या वेळी जुन्या शिबिरार्थीने सांगितलेला अनुभव, फॉर्मवरचा 'तुम्हाला पाण्याची भीती वाटते का' हा प्रश्न, हे सगळं मागून घ्या. त्या फॉर्मवरच अर्धा जन्म लिहिलेला असतो.

गळ टाकून बघा

१९७९, वॉशिंग्टन राज्यातलं बेलिंगहॅम. दोन विद्यार्थिनींच्या खुनात केनेथ बियांकी पकडला गेला, लॉस एंजेलिसच्या १९७७-७८ च्या 'हिलसाइड' खूनसत्राशीही त्याचा संबंध निघाला. जॉन वॉटकिन्स नावाच्या नामांकित तज्ज्ञाने त्याला संमोहित केलं आणि आतून 'स्टीव्ह' बाहेर आला, जो म्हणाला खून मी केले, केनला काही माहीत नाही. सरकारी पक्षाने ऑर्नला बोलावलं.

ऑर्नने आधी टेप बघितली. वॉटकिन्सने संमोहनात साधारण असं म्हटलं होतं की केनशी बोललो, पण केनचा दुसरा एखादा भाग असेल तर त्याच्याशी बोलायला आवडेल. म्हणजे पाहुण्याला आमंत्रण आधीच गेलेलं. मग ऑर्नने बियांकीसमोर सहज बोलल्यासारखं सोडून दिलं की बहुव्यक्तिमत्त्वाच्या केसमध्ये फक्त दोन व्यक्तिमत्त्वं असणं तसं दुर्मिळ, सहसा जास्त असतात. थोड्याच वेळात तिसरा हजर! 'बिली'. दोन माणसं दिसण्याची टेस्टही घेतली: बियांकीने नसलेल्या वकिलाशी हस्तांदोलन केलं आणि खरा वकील आत आणल्यावर 'हे दोन ठिकाणी कसे' म्हणून मोठा तमाशा केला, खरे संमोहित असा गाजावाजा करत नाहीत. शिवाय पोलिसांना कळलं की एका खऱ्या विद्यार्थ्याची सर्टिफिकेटं बियांकीने फसवून मागवली होती, आणि 'स्टीव्ह' हे त्याचंच नाव. बियांकीने शेवटी गुन्हा कबूल केला. वॉटकिन्स मात्र नंतरही आपल्या मतावर ठाम राहिले.

ऑर्न फक्त पकडायलाच बसलेला असायचा असं नाही हं. पॅटी हर्स्ट म्हणजे अपहरण झालेली आणि मग अपहरणकर्त्यांबरोबरच बँक लुटताना दिसलेली श्रीमंत घरची मुलगी, १९७६ साली तिच्या खटल्यात तो बचाव पक्षाकडून उभा राहिला. तिलाही त्याने असेच गळ टाकले होते, तिला सोयीचं पडेल असं काहीबाही सुचवून बघितलं आणि तिने एकही गिळला नाही, असं त्याने कोर्टात सांगितलं. ज्युरीने तरी तिला दोषी धरलं.

तुम्ही गळ टाकाल तो साधा ठेवा. दावा करणाऱ्याला एक चुकीची पण सोयीची माहिती सहज द्या आणि पुढच्या भेटीत ती त्याच्या 'आठवणीत' उगवते का बघा. फक्त जिथे कुणी खरंच त्रासात आहे, आजारी आहे, तिथे हे करू नका. तो तुमचा प्रांत नाही.

आठवण म्हणून पुढे केलं असेल तर रेकॉर्डिंग मागा

संमोहनात आठवण वाढत नाही, खात्री वाढते. ऑर्न हे कोर्टांना घसा बसेपर्यंत सांगत राहिला. मागच्या आठवड्यात एका रात्री मोठ्या आवाजाने तुला जाग आली होती असं संमोहनात सुचवायचं, एवढंच. १९८३ साली लॉरेन्स आणि पेरी यांनी ही युक्ती सहज संमोहित होणाऱ्या २७ जणांवर केली तर १३ जणांना तो आवाज नंतर खरा वाटू लागला. असा साक्षीदार उलटतपासणीत हलत नाही, कारण तो खोटं बोलतच नाहीये.

म्हणून ऑर्नने अटी घातल्या, न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली त्या जवळजवळ तशाच उचलल्या: संमोहन करणारा प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ हवा, पोलिसांचा किंवा वकिलांचा माणूस नको, त्याला केसबद्दल जे सांगितलंय ते लेखी हवं, संमोहनाआधी साक्षीदाराला काय आठवतंय ते पूर्ण नोंदवून घ्यायचं, सगळं रेकॉर्ड करायचं, आणि खोलीत दोघांशिवाय कुणी नको. बातमी वाचताना ह्यातली 'आधीची नोंद' शोधा. ती नसेल तर बाकी सगळं असून नसल्यासारखं. (आपल्याकडे तेलगीची नार्को टेस्ट टीव्हीवर दाखवली होती, ती औषध देऊन केलेली, संमोहन नव्हे, पण 'गुंगीत माणूस खरंच बोलतो' हा समज तोच. २०१० साली सुप्रीम कोर्टाने अशी टेस्ट जबरदस्तीने करायला मनाई केली.)

आता हीच पट्टी ऑर्नला

पहिला प्रश्न, पैसा कुणाचा? ऑर्नच्या संशोधनाला ह्यूमन इकॉलॉजी नावाच्या संस्थेकडून पैसे आले, आणि ती सीआयएने, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने, आड उभी केलेली संस्था होती, माणसाच्या मनावर ताबा मिळवायच्या एमके-अल्ट्रा ह्या गुप्त कार्यक्रमातली. १९६१ साली त्याने कैद्यांच्या चौकशीत संमोहन वापरता येईल का ह्यावर लिहिलं. निष्कर्ष असा की संमोहनाचा भरवसा नाही, त्यात माणूस खोटं बोलू शकतो. इथपर्यंत प्रामाणिक. पण पुढे तो म्हणतो, संमोहन नसलं तरी संमोहनाचा देखावा कामाचा: कैद्याला 'तुझा हात गरम होतोय' सांगायचं आणि लपवलेल्या यंत्राने तो खरंच गरम करायचा, म्हणजे त्याला वाटेल आपल्यावर आपला ताबा नाही, आणि मग बोलायला त्याला निमित्त मिळेल. सीआयएच्या १९६३ च्या चौकशीच्या मॅन्युअलमध्ये ऑर्नचा हा विचार घेतलाय. म्हणजे लोक अपेक्षा कशा पुरवतात हे ज्याने जगाला दाखवलं त्यानेच ते हत्यार म्हणून कसं वापरता येईल हेही लिहून दिलं. प्रयोग त्यामुळे खोटे ठरत नाहीत, पण माणूस कळतो.

दुसरा प्रश्न, संमती कुणाची? कवयित्री ॲन सेक्स्टन १९५६ पासून १९६४ पर्यंत त्याची पेशंट. कविता लिही म्हणून त्यानेच तिला लावलं हे श्रेय त्याचं. सेशनमध्ये ती गुंगीसारख्या अवस्थेत जायची, नंतर काही आठवायचं नाही, म्हणून त्याने सेशन टेप करायला सुरुवात केली, ती ऐकून टिपणं काढायची. 'एलिझाबेथ' नावाचं एक दुसरं व्यक्तिमत्त्वही तिच्यात डोकं वर काढू लागलं होतं, ऑर्नने त्याला भावच दिला नाही आणि ते विरून गेलं. बियांकीच्या वीसेक वर्षं आधी हे त्याने बघितलं होतं. सेक्स्टनने १९७४ साली आत्महत्या केली. आणि मग ऑर्नने त्या टेप तिच्या चरित्रकार बाईंना दिल्या. १९९१ साली चरित्र येतंय म्हटल्यावर न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आणि मानसोपचारवाल्यांत गदारोळ. ऑर्नचं म्हणणं, मुलीने परवानगी दिली आणि सेक्स्टनलाही हे चाललं असतं. मला हे पटत नाही. मुलगी साहित्याची वारस, डॉक्टरच्या खोलीत बोललेल्याची नाही. आणि 'तिला चाललं असतं' हा पुरावा ऑर्नने दुसऱ्या कुणाकडून चालवून घेतला असता का?

तिसरा, निष्कर्ष कुणाच्या सोयीचा? १९९२ साली फिलाडेल्फियात 'खोट्या आठवणीं'वरची संस्था निघाली, लहानपणच्या अत्याचाराचे आरोप मोठेपणी ज्यांच्यावर झाले अशा पालकांची. तिच्या सल्लागार मंडळावर ऑर्न आणि एमिली दोघं. थेरपिस्टने घुसवलेल्या आठवणींमुळे घरं मोडली हे खरं, पण खऱ्या पीडितांना गप्प करायलाही त्याच संस्थेचे शब्द वापरले गेले हेही खरं. थेरपिस्ट सूचना देतो तशी घरची माणसंही देतात, 'असं काही झालंच नव्हतं' ही पण सूचनाच. गळ दोन्हीकडे टाकायला हवा.

तुम्ही स्वतः दुखण्यासाठी किंवा ऑपरेशनच्या भीतीसाठी संमोहन घ्यायला जाणार असाल तर खुशाल जा, दुखण्यावर त्याचा उपयोग होतो ह्याला बऱ्यापैकी चांगला आधार आहे. हरवलेली आठवण शोधायला मात्र जाऊ नका. आणि पहिल्या सेशनच्या आधी कागदावर घ्या: रेकॉर्डिंग होणार का, ते कुणाकडे राहणार, किती वर्षं, आणि तुम्ही नसाल तेव्हा कुणी मागितलं तर द्यायचं की पुसायचं.